निरोगी गुडघा
ज्ञानदा तेरदाळकर जयपूरच्या बनी पार्कमधल्या एका खासगी केंद्रात एमआरआय काढायची. वडील विमा कंपनीत होते. सांगलीहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. एकोणीस वर्षं ज्ञानदा पेशंटना मशीनमध्ये सरकवत होती. रिपोर्टवर सही नेहमी दुसऱ्याची.

डॉ. नंदकिशोर संशोधनासाठी तिथे आले आणि पहिल्यांदाच कुणीतरी तिला नीट समजावून सांगितलं. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजून पातळ झाली, की मगच साध्या एमआरआयवर कळतं. पण शरीरातल्या पाण्याचं चुंबकत्व हलक्या रेडिओलहरीनं काही क्षण धरून ठेवलं आणि ते किती वेळात विरतं हे मोजलं, तर बिघाड आधीच दिसतो. कूर्चा आतून खराब होत असेल तर विरायला जास्त वेळ लागतो. मोजलेल्या वेळांच्या रंगीत नकाशात निरोगी भाग निळा, बिघडलेला नारिंगी.

सुरुवातीला चित्रांवर पट्टे यायचे. ज्ञानदानं रविवारी येऊन येऊन ते घालवले. चुंबकक्षेत्र फक्त गुडघ्यापुरतं जुळवून घ्यायचं, हे तिलाच सुचलं. चाचणीला गुडघाही तिचाच. तुलनेसाठी घेतलेल्या चाळीस निरोगी माणसांच्या यादीत पहिली तीच.

"माझ्या गुडघ्यात आतल्या बाजूला नारिंगी दिसतंय, डॉक्टरसाहेब," ती एकदा म्हणाली.

"नॉइज आहे, ज्ञानदाजी, मशीनची खरखर. साधा स्कॅन बघा ना, स्वच्छ आहे."

तिनं विश्वास ठेवला. पेशंट उचलणं, जवाहर नगरच्या घराचे तीन मजले चढणं, सगळं तसंच चालू राहिलं.

तीन वर्षांनी डॉक्टरांचा शोधनिबंध छापून आला, तोवर ती कठडा धरून जिना उतरू लागली होती. तिसऱ्या आकृतीपाशी ती थबकली. नडगीवरचा तो उंचवटा स्कूटरवरून पडल्याचा, तिचाच. खाली लिहिलं होतं: वेदना नसलेली चव्वेचाळीस वर्षांची स्त्री, साधा स्कॅन स्वच्छ, कूर्चेचा ऱ्हास मात्र स्पष्ट. सात लेखकांत तिचं नाव नव्हतं. आभार केंद्राचे मानले होते.

"तुम्ही नॉइज म्हणाला होतात," ती डॉक्टरांना म्हणाली.

"तेव्हा खात्री नव्हती. आणि संशोधनात दिसलेलं कळवायचं नाही, असं संमतीपत्रात आहे. तुमची सही आहे."

होती. तोच इंग्रजी कागद तिनं उरलेल्या एकोणचाळीस जणांपुढेही ठेवला होता, न वाचता.

"आणखी तिघांचं नारिंगी होतं. त्यांना तरी सांगा."

"आता माहितीतून नावं काढून टाकलीत, कोण कुठलं ते कळायचं नाही," म्हणत ते फोनकडे वळले.

तिघांतली एक तिला माहीत होती: केंद्रात फरशी पुसणारी पार्वती, जेमतेम अडतीसची. दुपारी ज्ञानदानं तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. उकिडवं बसू नकोस, ओझं उचलू नकोस.

पार्वतीनं ऐकून घेतलं. "मग दीदी, काम कोणतं करू?"

पार्वती बादली उचलून निघून गेली. त्यानंतर ज्ञानदाच्या खोलीची फरशी ती ज्ञानदा यायच्या आधीच, तिच्या नजरेआड, उकिडवं बसून पुसून जाऊ लागली.