वर्षातून एकदाच पत्ते

जेवून, डबा घासून, पदराला हात पुसून शांताअक्का खुर्चीत येऊन बसल्या की बरोबर एक डाव खेळत. दुसरा नाही. डॉसच्या काळ्या पडद्यावर वरून विटा पडायच्या, त्या फिरवून खाली नीट रचायच्या, ओळ भरली की ती नाहीशी व्हायची, असा तो खेळ. अक्का त्याला 'इट्टिगे' म्हणत, कन्नडात वीट. डाव पाच मिनिटांत मोडो की वीस मिनिटं चालो, संपला की त्या "अष्टे" म्हणत, म्हणजे एवढंच, आणि पुन्हा डिस्पॅचची पत्रं टाइप करायला लागत. दुसऱ्या डावाचा मोह होत नाही का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या डावानं डोकं धुऊन निघतं. धुतलेलं परत कशाला धुवायचं?"

कन्नड मुलखातल्या बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात व्हॉल्व्ह बनत. नव्वदीच्या मध्यावर मी पुण्याहून तिथं कॉम्प्युटर विभाग म्हणून रुजू झालो. 'विभागात' म्हणालो नाही, कारण विभागात मी एकटाच होतो. पहिल्या दिवशी मोडक्या हिंदीत मी एका बाईंना प्रिंटर कुठं आहे ते विचारलं, तर त्या सरळ मराठीत म्हणाल्या, "जोशी ना तू? मग हिंदी कशाला बोलतोस?" त्या शांताअक्का. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठा सैन्याबरोबर इकडं आलेलं. गवीपुरममध्ये घर, घरात मराठी, दारात कन्नड. माझ्या पुणेरी मराठीची त्यांना फार गंमत वाटे. "आमची माणसं घोड्यावरून आली, तू ट्रेनमधून आलास, आणि आम्हालाच भाषा शिकवतोस," असं त्या मला चारचौघांत ऐकवत. मी चिडलो की डब्यातली चित्रान्नाची, म्हणजे लिंबाच्या फोडणीच्या भाताची, मूद माझ्या झाकणात पडे.

त्यांचे यजमान याच कारखान्यात फिटर होते. ते अवेळी गेले, तेव्हा कंपनीनं अक्कांना कामावर घेतलं. टायपिंग त्या इथंच शिकल्या, पुढं टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा तोही शिकल्या. निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि ती चार वर्षं त्यांना हवी होती. घरात मुलगा होता, सून होती, कशाला कमी नव्हतं. पण त्या म्हणत, "घरी मी सासू. इथं मी शांताअक्का."

संक्रांतीनंतर नवे कॉम्प्युटर आले. डॉस गेलं, विंडोज आलं, आणि प्रत्येक टेबलावर एकेक माउस येऊन बसला. मोठ्या साहेबांनी जाहीर केलं की उगादीनंतर आठवड्यानं ते स्वतः प्रत्येकाचं काम बघतील. ज्यांना नवं जमणार नाही त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी किंवा स्टोअरच्या शेडमध्ये जावं. नावांची यादी करण्याचं काम अर्थातच माझ्याकडं आलं.

अक्का माउसला 'इली' म्हणत, म्हणजे उंदीरच. कीबोर्डवर न बघता चालणारे त्यांचे हात या इलीला स्पर्श होताच लाकडासारखे होत. बाण डावीकडं न्यायचा तर त्या माउस ढकलत ढकलत टेबलाच्या कडेपर्यंत नेत आणि तिथं अडकून बसत. उचलून पुन्हा मध्ये ठेवायचा, हे मी दहादा सांगितलं. त्या उचलत आणि हवेतच फिरवत बसत. बाजूच्या टेबलांवरची तरुण मंडळी तोंड फिरवून हसत. अक्का डबा खाऊन आल्यावर नुसत्या बसून राहत. त्यांचा खेळ जुन्या मशीनबरोबर गेला होता.

मला वाईट वाटलं. जुन्या मशीनमधून तो खेळ मी फ्लॉपीवर उतरवून ठेवला होता, तो त्यांच्या नव्या कॉम्प्युटरवर घातला आणि मोठ्या ऐटीत त्यांना बोलावलं. अक्का हसल्या, पदर खोचून बसल्या. खेळ सुरू झाला आणि टिपर उलटावा तशा विटा धडाधड खाली आल्या. पहिली फिरवायला त्यांनी बोट उचललं तोवर ढीग वरपर्यंत पोचला होता. त्या दिवशी प्रथमच त्या दुसरा डाव खेळल्या. मग तिसरा. तिन्ही डाव मिळून मिनिटभरही टिकले नाहीत.

"सरी," त्या हळूच म्हणाल्या, म्हणजे बरं. "माझे हात गेले."

मी, कॉम्प्युटर विभाग, म्हणालो, "सवय होईल हो अक्का." आणि चहा प्यायला निघून गेलो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या सोमवारी अक्कांनी हातानं लिहिलेलं राजीनाम्याचं पत्र साहेबांना दिलं. मला ते दुपारी शिपायाकडून कळलं. मी त्यांच्यापाशी गेलो तर त्या फायली पुसत होत्या. इली जमत नाही म्हणून कोणी असं सोडून जातं का, मी हळूहळू शिकवीन, असं बरंच काही मी बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "इली नवी आहे, ती नाही जमली तर नाही जमली. इट्टिगे तर माझी होती की. तीपण जमेना. बिडू आता, सोड तो विषय."

पाच वाजता ऑफिस रिकामं झालं. अक्कांच्या मशीनवरून खेळ काढून टाकावा म्हणून मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि काढण्याआधी एक डाव लावला. पंचवीस वर्षांचा होतो, दिवसभर कीबोर्ड बडवत होतो, आणि मलाही एक वीट धड फिरवता आली नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तो जुना खेळ वेळ मोजत होता तो मशीनच्या वेगानं. मशीन जितकं वेगवान, तितक्या विटा घाईच्या. या नव्या मशीनवर तो देवालासुद्धा खेळता आला नसता.

कंपनीची बस सुटायच्या बेतात होती. मी धावत जाऊन आत चढलो आणि अक्कांच्या सीटपाशी उभा राहून, धापा टाकत, सगळ्यांसमोर हे सांगितलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तरी मी उतरेना.

"म्हणजे माझे हात आहेत?"

"आहेत. खेळच धावतोय."

"मग आधी सांगायचं की," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडं तोंड फिरवून डोळे पुसू लागल्या. मी उतरलो. चूक माझी होती, पण मला इतकं हलकं वाटत होतं की कँटीनवाल्याला मी विनाकारण नमस्कार घातला.

पत्र मात्र त्यांनी परत घेतलं नाही. साहेबांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. इली जमली तर मागून घेईन, नाही जमली तर राहू दे तिथंच, असा अक्कांचा हिशेबी बाणा. आता शिकायची त्यांची तयारी होती. मी सुचवलं की नव्या मशीनमध्ये एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा डाव आहे. पान धरायचं, ओढायचं, सोडायचं, आठवडाभर खेळलात की हात बसेल. अक्कांनी कानावर हात ठेवले. त्यांच्या घरात पत्ते वर्षातून एकदाच, उगादीच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी घरोघरी मटण शिजतं आणि पोरंबाळं, म्हातारेकोतारे सगळे पत्ते कुटतात. एरवी पत्त्याला हात लावला तर लक्ष्मी घर सोडते. हे खरे पत्ते नाहीत, काचेच्या आतली चित्रं आहेत, असा वाद मी घातला. "राजा आहे ना त्यात? राणी आहे ना? मग पत्तेच," त्या म्हणाल्या. मी मनातून वैतागलो. चार वर्षांची नोकरी एकीकडं आणि चौकट-बदाम दुसरीकडं, याला काय म्हणावं?

उगादी झाली, म्हणजे आमचा पाडवा. दुसऱ्या दिवशी कारखाना चालू होता, पण इथली बहुतेक माणसं रजेवर. ऑफिसात मी, एक तमिळ अकाउंटंट आणि पंखे. नऊ वाजता बस आली आणि तिच्यातून एकट्या अक्का उतरल्या, नवी इरकली साडी नेसून. घरी मटण चुलीवर होतं, पाहुणे आले होते, वर्षभर ज्याची वाट बघायची तो डाव मांडला जाणार होता, आणि सुनेच्या हाती सगळं सोपवून या बाई बोम्मसंद्र्याला आल्या होत्या.

"आज चालतं," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "लाव."

सकाळभर पानं भलतीकडंच पडत होती. लाल सहाऐवजी बाण काळ्या दश्शीवर जाई, माउस टेबलाच्या कडेला जाऊन अडके. पण आता त्यांना डाव जिंकायचा होता, बाणाकडं बघायला वेळ नव्हता. अकराच्या सुमारास त्यांनी माउस उचलून पुन्हा मध्ये ठेवला, आणि आपण तो उचलला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. जेवायलाही त्या उठल्या नाहीत. चारच्या सुमारास डाव सुटला आणि पडद्यावर पत्ते उड्या मारत सांडायला लागले. अक्का तोंडावर पदर धरून लहान मुलीसारख्या हसल्या. मग आणखी दोन डाव त्यांनी सोडवले. बसची वेळ झाली तसा माउस बाजूला ठेवला आणि मला बजावलं, "उद्या यायच्या आत हे माझ्या मशीनमधून काढून टाक. घरात ठेवायची वस्तू नाही ती."

मी काढून टाकलं. पुन्हा त्यांनी ते कधी मागितलं नाही.

आठवड्यानं साहेब त्यांच्या मागं उभे राहिले. अक्कांनी पडद्यावर डिस्पॅचचं पत्र उघडलं, तारीख बदलली, तक्त्यातला एक रकाना धरून ओढला आणि जागेवर सोडला. मी भिंतीला टेकून उभा होतो. साहेबांनी चष्मा काढला, आपल्या खोलीत गेले आणि ते राजीनाम्याचं पत्र आणून अक्कांच्या हातात दिलं. अक्कांनी ते न उघडता डब्याच्या पिशवीत टाकलं. "थँक्स सर," एवढंच म्हणाल्या आणि पुढचं काम घेतलं. मला वाटलं होतं रडतील, पेढे वाटतील. तसलं काही झालं नाही. चार वर्षं त्या त्याच खुर्चीत बसल्या आणि मानानं निवृत्त झाल्या.

पण मला आठवते ती त्या परीक्षेनंतरची सकाळ. कंपनीची बस आली आणि अक्का तिच्यात नव्हत्या. गवीपुरमच्या थांब्यावर ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला होता, कोणी आलं नाही. सव्वीस वर्षांत असं घडलं नव्हतं. साहेब दोनदा बाहेर येऊन बघून गेले. अक्कांच्या घरी फोन नव्हता. काय झालं असेल, याचे नको नको ते विचार माझ्या मनात यायला लागले.

अकरा वाजता अक्का गेटमधून चालत येताना दिसल्या. सिटी बस बदलत बदलत आल्या होत्या, केस धड विंचरलेले नव्हते, चेहरा सुजल्यासारखा. मी धावत पुढं गेलो आणि बरं आहे ना म्हणून विचारलं. त्या ओशाळल्या.

"काही नाही रे," त्या म्हणाल्या. "झोप लागली मला. तीन महिन्यांनी लागली, म्हणून सुनेनं उठवलं नाही."