मामाची हरकत

माझा उभा जन्म ख्रिस्ती मंडळीच्या पाळकपणात गेला. अशा माणसाला देवाविषयी पुष्कळ कळलं असेल, असं लोकांना वाटतं. मला कुतूहल मात्र माणसांचंच राहिलं. कोण कशानं रडतं, कोण नेहमी मागेच का बसतं, यात मी नको तितकं नाक खुपसत आलो.

एकोणीसशे तीसच्या सुमाराला मी सोलापुरात राहून मंद्रूपच्या लहानशा मंडळीची उपासना चालवायचो. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं उपासनेत वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर सांगा, असं विचारतात. इतकी वर्षं मी विचारत होतो आणि कोणी हूं की चूं केलं नव्हतं. एका लग्नाच्या तिसऱ्या रविवारी मात्र खांद्यावर घोंगडं टाकलेला एक माणूस दारापाशी उठला आणि खणखणीत म्हणाला, "हाय की. माजी हाय हरकत."

खरं सांगू? मला आनंदच झाला. आपण विचारतो ते कोणी ऐकतं तरी! पण मंडळी गारठली आणि वधूच्या आईनं कपाळावर हात मारला. तो तिचा सख्खा भाऊ, मैंदर्गीचा, मेंढरं राखणारा. नवरा गेल्यावर ती मुलीला घेऊन आमच्यात आली. भाऊ आपल्या देवांपाशीच राहिला होता.

"काय हरकत आहे?" मी विचारलं.

"ती हितं न्हाय सांगायची. मामाच्या दारात येऊन इचारा," म्हणाला आणि चालू लागला.

नवरा मुलगा सोलापुरात गिरणीत कामाला होता. त्याचा बाप तिथंच उसळला. "हे मिटवा, पाळकसाहेब. येत्या रविवारपत्तुर मिटलं न्हाय, तर आमी दुसरी पोरगी बगतो." मुलगी खांबाला टेकून ऐकत होती.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा तर्क एकच: मामाला भाची सून म्हणून हवी. आमच्या मुलखात ती चालच आहे. मला काही ते पटेना. सून हवी असणारा माणूस तिसऱ्या रविवारपर्यंत कशाला थांबेल?

सर्व्हिस मोटारीनं अक्कलकोट आणि पुढं पायी, असं करत मैंदर्गी गाठली. मामानं ताक दिलं, भाकरी वाढली, मेंढरांच्या खुरांना काय झालंय ते सविस्तर सांगितलं, मध्येच बायकोशी कानडीत काहीबाही बोलला. हरकतीचं नाव नाही. शेवटी मीच तोंड उघडलं. "भाची तुमच्या मुलासाठी हवी आहे का?"

त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. त्यांचा एकुलता मुलगा अंगणात धुळीत रांगत होता.

मामा मात्र हसला नाही. "तुमच्यात नवरीला पांढरं नेसवत्यात म्हनं. खरं हाय?"

"हो. आमच्यात तो रंग पवित्र मानतात."

"दाजी गेलं तवा पोरीच्या आईला पांढरं लुगडं म्याच नेऊन दिलं. भावालाच न्यावं लागतंय की. आता लेक बी पांढऱ्यात हुबी करनार? हे काय लगीन म्हनायचं, पादरीबाबा?"

त्यानं आतून एक पिवळी साडी आणून माझ्यापुढं ठेवली. तिच्यासाठी तो मुद्दाम सोलापूरला, नवी पेठेत गेला होता. लग्नात भाचीला पिवळं नेसवायचा मान मामाचा, हे मला काय ठाऊक नव्हतं? लग्नविधीचं पुस्तक मला तोंडपाठ होतं आणि त्यात साडीच्या रंगाविषयी अक्षर नव्हतं. पांढऱ्याची चाल मडमांबरोबर बोटीतून आली आणि आम्ही ती देवाज्ञेसारखी धरून बसलो. माझी मलाच गंमत वाटली, आणि थोडा रागही आला.

"मुलीला विचारतो," म्हणालो. मंद्रूपला येऊन विचारलं, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "पिवळी."

लग्नाच्या दिवशी तिला साडी नेसवायला माझी बायको गेली आणि तिनं इतका वेळ लावला की वरबाप दोनदा घसा खाकरून गेला. मग मुलगी बाहेर आली, पिवळीधमक. मामा पागोटं सावरत तिच्या पाठीशी उभा राहिला. मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "आता हरकत?"

"आता कसली!" म्हणाला आणि त्यानं घोंगड्याच्या टोकानं डोळे पुसले.

परतताना छकड्यात मी बायकोला छेडलं, "साडी नेसवायला एवढा वेळ? नवरा पळून गेला असता तिचा."

ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "माझ्या मामानंही आणली होती पिवळी. आपल्या लग्नात तो दाराबाहेर उभा होता. त्याला हरकत आहे का, असं कोणी विचारलं नाही. मलाही नाही."

जित्याची खोड! मी विचारलंच, "मग ती साडी गेली कुठं?"

"कुठं जातेय? आपल्या लेकरांची दुपटी केली तिची. सगळ्यांना तुम्हीच बाप्तिस्मा दिलात. प्रत्येक वेळी लेकरू त्यातच गुंडाळून तुमच्या हातात दिलं होतं मी."