ओला चेंडू

मी चौथी शिकलो. पण अकोल्याच्या जिनिंग कारखान्यात कापसाची गाडी आली की मालक आधी माझ्या तोंडाकडे पाहायचा. मी ढिगात कोपरापर्यंत हात घालायचो अन् सांगायचो, कोरडा का ओला. वजन वाढावं म्हणून लोक पाणी मारतात, वरून कोरडा कापूस पसरतात. एकदा माझ्या साळ्याचीच गाडी ओली निघाली. परत पाठवली. तो मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मीही मनवायला गेलो नाही.

आता अमरावतीत राहतो. माझी नात बेसबॉलमध्ये पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारी. भारताकडून दोनदा बाहेरदेशी खेळून आली. पहिल्या वेळी तिनं माझ्यासाठी जाड ग्लोव्ह आणला. घरी असली की सकाळी मागच्या रिकाम्या प्लॉटवर ती टाकते, मी झेलतो. गुडघे वाकत नाहीत, म्हणून उपड्या घमेल्यावर बसतो. दर चेंडूला विचारते, "कसा आला, आबा?"

"कोरडा," मी म्हणतो. यापेक्षा मोठी शाबासकी माझ्याजवळ नाही.

मागच्या वर्षी तिसऱ्यांदा निवड झाली. चौकात फ्लेक्स लागला. कोपऱ्यात माझाही फोटो होता. मीच सांगून लावून घेतला होता. जायला आठ दिवस उरले होते अन् त्या सकाळी चेंडू हातात आला तो जड, उशिरा, मेल्यासारखा.

"कसा आला, आबा?"

"अजून टाक."

दहा टाकले. दर वेळी डावा हात हळूच उजव्या कोपराला लावत होती.

"ओला हाय," मी म्हणालो.

"तुमची नजर गेली आता."

"मी नजरेनं पाहत नाही वं, माय. कोपर कधीपासून दुखून राहिलं?"

ती जवळ आली. "आबा, कोणाले सांगू नका. एवढा दौरा होऊ द्या. मंग दाखवीन डॉक्टरले."

"उद्यापर्यंत तू सांग कोचले. नाही तं मी जातो."

"मामाआजोबा तुमच्यासंग काहून बोलत नव्हते, ते समजलं मले आज."

"मंग?"

"मंग मीबी नाही बोलत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती अकोल्याला कोचकडे गेली. डॉक्टरांनी चेंडू टाकणं बंद केलं. संघ तिच्याशिवाय गेला. फ्लेक्स मी स्वतः उतरवून आणला. घडी करून पलंगाखाली ठेवला. चौकातल्यांनी विचारलं, मी सांगितलं, हात दुखतो पोरीचा. लपवायचं काय त्यात?

घरात ती माझ्यासमोरून जायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही. पऱ्हाटीवर कापूस फुटला, वेचणी झाली, उलंगवाडी होऊन शेतं रिकामी झाली. मी रोज सकाळी ग्लोव्ह घेऊन घमेल्यावर बसायचो. हट्ट माझाही काही कमी नाही.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी समोर येऊन उभी राहिली. चेंडू टाकला.

"कसा आला?"

"कोरडा. पण हळू हाय."

"खोटं बोलता येतच नाही तुमाले," म्हणाली अन् हसली.

यंदा ती संघासोबत गेली. सामना मी मोबाईलवर पाहिला. पलंगाखालचा फ्लेक्स आदल्या दिवशीच चौकात लावला होता, फोटोसकट. शेवटच्या चेंडूवर समोरची बाई नुसती हवेत बॅट फिरवून बाद झाली. थोड्या वेळानं फोन आला.

"कसा आला, आबा?"

"मोबाईलमधून काय समजते? घरी ये, हातात टाक. मंग सांगतो."