जीप नंबर तीनचा धुतलेला फिल्टर

२६ मार्च १९८४, सोमवार. वर्षअखेरची स्टॉकची मोजणी चालू होती. मी स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवरचे फॅनबेल्ट मोजत होते. खालच्या फळीवर एअर फिल्टरची खोकी होती, ती अजून मोजायची होती. तेवढ्यात बाहेर यार्डात गलका झाला. खिडकीतून पाहिलं तर शिपाई नोटीस बोर्डावर कागद चिकटवत होता आणि सगळे ड्रायव्हर त्याच्याभोवती गोळा झाले होते.

आमची संस्था सहकारी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना खतं, बी-बियाणं पुरवायची. आजऱ्यापासून चंदगडपर्यंत डेपो होते आणि तिथं फिरायला जीपगाड्या होत्या. मी वाहतूक विभागाची स्टोअरकीपर. स्टोअरला बाई म्हटल्यावर सुरुवातीला लोक हसले. दहा वर्षांनंतर कुणी हसत नव्हतं.

थोड्या वेळानं दस्तगीर आत आला. जीप नंबर तीनचा ड्रायव्हर. हातात टूलबॉक्स आणि गाडीची किल्ली.

"जमा करून घ्या बाई. सस्पेंड केलंय मला."

"कशासाठी?"

"बोर्डावर लिवलंय की. इंजिन ऑइल चोरून इकतोय म्हणं मी."

मला पहिला राग आला तो मला कुणी विचारलं नाही याचा. ऑइल माझ्या स्टोअरमधून जात होतं. जीप तीनला हिवाळ्यापासून ऑइल जास्त लागत होतं, हे खरं. दस्तगीर सारखा डबा घेऊन यायचा. पण दर वेळी तो म्हणायचा, "बाई, इंजिन ऑइल जाळतंय. निळा धूर बघा मागनं." डिझेल गाडीच्या धुराला रंग असतात. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. निळा म्हणजे इंजिनातलं ऑइल जळतंय. हे त्यानं वाहतूक मॅनेजर देसाईसाहेबांनाही सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, "गाडी पितीय का ड्रायव्हर पितोय, ते बघू." त्यावर ऑफिसात सगळे हसले होते.

"तुम्ही साहेबांना फिल्टरबद्दल बोलला होता ना?" मी विचारलं.

"बोललो की. म्हटलं, दिवाळीनंतर नवा फिल्टर बसवल्यापासनं हे सुरू झालंय, लोकलच बरा हुता. तर म्हणाले, लोकलवाल्याकडनं तुला किती मिळतंय?"

इथं फिल्टरचं थोडं सांगायला हवं. इंजिनाला डिझेलइतकीच हवेचीही गरज असते. ती हवा गाळून आत सोडायला एक गोल डबा असतो आणि त्यात पंख्यासारख्या घड्या घातलेला जाड कागद. वरखाली रबराची कडा. कागदातून किंवा कडेतून धूळ आत गेली की ती पॉलिश पेपरसारखं काम करते. पिस्टनच्या रिंगा झिजतात, ऑइल वर चढतं आणि जळतं. आजऱ्याकडच्या लाल मातीच्या रस्त्यावर हे फार लवकर होतं.

आम्ही आधी उद्यमनगरातल्या एका कारखानदाराचे फिल्टर घ्यायचो. पत्र्यावर त्याचं स्वतःचं नाव ठोकलेलं असायचं. मग ८२ साली सर्क्युलर निघालं: यापुढं फक्त कंपनीचेच फिल्टर, तेही स्टेशन रोडवरच्या एका ठरावीक दुकानातून. देसाईसाहेबांचं म्हणणं, लोकल माल म्हणजे इंजिनाची वाट. मला ते पटलंही होतं. गाडी बनवणाऱ्यानं बनवलेला पार्ट वाईट कशाला असेल?

दस्तगीर किल्ली टेबलावर ठेवून तसाच उभा होता.

"नोकरी गेली तर दुसरी बघीन बाई. पर चोर म्हणून बोर्डावर नाव लागलं की कोण ठेवतंय? सगळ्या गावचे ड्रायव्हर हितं येत्यात, वाचत्यात."

"टूलबॉक्स तिथं ठेवा आणि बसा," मी म्हटलं. "मी जमा करून घेतलेला नाही."

वर्कशॉपमधून बंडू मिस्त्रीला बोलावलं. जीप तीनचा फिल्टर काढायला लावला. फिल्टरच्या पुढचा जो पाइप इंजिनात जातो तो आतून स्वच्छ पाहिजे, कारण तिथं गाळलेलीच हवा येते. मी त्यात बोट घातलं. बोट लाल होऊन बाहेर आलं.

"अगागा," बंडू म्हणाला. "ह्यात तर शाळू पेरता येईल की!"

यार्डात एक जुनी जीप होती. तिचं मॉडेल बंद झालेलं, कंपनीचा फिल्टर मिळत नव्हता, म्हणून तिला अजून लोकलच बसत होता. तीही त्याच रस्त्यानं जायची. तिचा पाइप उघडला. बोट घातलं. स्वच्छ.

मी तसेच दोन्ही हात घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. एका हाताचं बोट लाल, दुसऱ्याचं साफ.

"सरनाईकबाई, हे काय?"

मी सांगितलं. साहेब खुर्चीत मागं रेलले.

"म्हणजे कंपनीला फिल्टर बनवता येत नाही आणि उद्यमनगरात येतो? उद्या म्हणाल, लोकलवाल्यानं विमानही बनवावं."

"मी बोट दाखवतेय साहेब. मत सांगत नाही."

"स्टॉक मोजून झाला का?"

"नाही."

"मग तो मोजा."

मी परत आले आणि खरोखरच मोजायला बसले. रागात काम चांगलं होतं माझ्याकडून. फिल्टरच्या फळीशी आले. गेल्याच महिन्यात आलेली सीलबंद खोकी होती, वर दुकानाचा स्टिकर. आम्ही खोकं फोडायचो ते माल देतानाच. आज मी नियम मोडला आणि सगळ्यात पुढचं खोकं फोडलं.

फिल्टर नवा दिसत होता. पत्र्याला चकचकीत काळा रंग. मी तो बल्बसमोर धरला. चांगल्या कागदातून उजेड सगळीकडं सारखा, मंद येतो. इथं काही घड्यांत अंधार आणि काही घड्यांत सुईच्या टोकाएवढ्या चांदण्या. रबराची कडा दाबली तर दबेना. रंगाला नख लावलं. पापुद्रा निघाला आणि खाली गंज. घडी उकलून पाहिली तर तळाशी तांबूस डाग. धुतल्यावरही न गेलेला.

आणि मग खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला माझं लक्ष गेलं. निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: जीप ३, मे ८३. अक्षर माझं होतं.

आमच्याकडं पद्धत होती की जुना पार्ट परत दिल्याशिवाय नवा मिळणार नाही. ड्रायव्हरनं नवा पार्ट विकून खाऊ नये म्हणून. नवा काढला की त्याच खोक्यात जुना घालायचा, झाकणाच्या आत गाडीचा नंबर मी टाकायची आणि ते खोकं भंगारात जायचं. दिवाळीच्या आधी ऑफिसनं सगळं भंगार एकदम विकलं होतं. खोकी सुद्धा न चुरगळता, नीट रचून दिली होती. कुणीतरी आमचा वापरलेला फिल्टर रॉकेलमध्ये धुतला, रंगवला, आमच्याच खोक्यात घातला, नवा चिकटपट्टीचा कागद लावला आणि आम्हालाच परत विकला. हिवाळ्यात जीप तीनला बसवलेलाही असलाच असणार. दस्तगीरच्या जीपनं टाकलेला फिल्टर दस्तगीरच्याच जीपला मिळणार होता, आणि चोर तो!

दुपारी रिक्षा करून स्टेशन रोडवरच्या त्या दुकानात गेले. शेठ गादीवर होते.

"या या बाई. च्या सांगू?"

"नको. हा फिल्टर बघा."

त्यांनी खोकं फिरवलं. "कंपनीचं नाव हाय की वर. आन् काय पायजे?"

"मला खोकं गाडीत बसवायचं नाही."

"फिल्टरबी कंपनीचाच हाय बाई. अस्सल. हा शिक्का बघा."

"हो. कंपनीनंच बनवलाय," मी म्हटलं, "आणि आमच्या जीपनंच वापरलाय. हे माझं अक्षर."

शेठनी चष्मा लावला, झाकण पाहिलं, चष्मा काढला. मग आवाज खाली आणला. "माझ्याकडं पुण्याहनं येतंय. मला काय ठावं? सोडा की. बदलून देतो. एवढ्यासाठी कुणी रिक्षा करून येतंय व्हय?"

"एका माणसाची नोकरी गेलीय एवढ्यासाठी."

"ड्रायव्हर ना? ड्रायव्हर काय, मिळतील."

खोकं त्यांच्या हातातून मी काढूनच घेतलं. बदलून घेतलं नाही.

संध्याकाळी देसाईसाहेबांसमोर खोकं आणि फिल्टर ठेवला. निळं अक्षर त्यांनी दोनदा वाचलं. मग ते एकदम मवाळ झाले.

"बाई, हे वाढवू नका. दुकान मीच सुचवलं होतं. संचालक मंडळाच्या मीटिंगमध्ये विचारतील."

"विचारायलाच पाहिजे. पण आधी दस्तगीर."

त्यांनी टायपिस्टला बोलावून पत्र सांगितलं: सदर कर्मचाऱ्यास समज देऊन कामावर रुजू करून घेण्यात येत आहे.

"समज?" मी उभीच राहिले. "कसली समज? त्यानं खरं सांगितलं याची?"

"तशी पद्धत असते हो."

"मग मी हे खोकं घेऊन चेअरमनसाहेबांकडं जाते. तीही पद्धतच आहे."

'समज देऊन' पत्रातून गेलं. आरोपात तथ्य आढळले नाही, असं आलं. ते मी वाचून घेतलं. मग म्हटलं, "आता हे बोर्डावर लावा."

"बोर्डावर कशाला? पाकिटात घालून त्याला द्या. असं बोर्डावर लावायला लागलो तर शिस्त राहणार नाही."

म्हणजे बदनामी चारचौघांत आणि सुटका बंद पाकिटात. सकाळचा कागद तेवढा शिपायानं फाडून काढला. वाचणाऱ्यांनी तो केव्हाच वाचला होता.

पुढचं थोडक्यात. जीप तीनचं इंजिन उघडावं लागलं, रिंगा गेलेल्याच होत्या. ते दुकान बंद झालं, म्हणजे आमच्यापुरतं. ओरिजिनल घ्यावा का लोकल, असं लोक मला अजून विचारतात. मी सांगते, उजेडासमोर धरा, कडा दाबून बघा, बसवल्यावर महिन्याभरानं पाइपात बोट घाला. स्वतःचं नाव पत्र्यावर ठोकणाऱ्याची मला भीती वाटत नाही. दुसऱ्याच्या खोक्यात बसून येणाऱ्याची वाटते. आणि रिकामं खोकं फाडल्याशिवाय भंगारात टाकू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या आधी यार्डात गेले. बंडूकडून तार आणि खिळा घेतला. कालची नोटीस जिथं होती, गोंदाचे डाग अजून दिसत होते, बरोबर तिथं तो फिल्टर टांगला. शेजारी खोक्याचं झाकण, निळं अक्षर बाहेर करून. खाली 'आरोपात तथ्य आढळले नाही'ची कार्बन कॉपी. ड्रायव्हर येऊ लागले. एकानं फिल्टरवर टिचकी मारली, घड्यांत उरलेली थोडी लाल धूळ पडली.

"कुणाचा हाय हो बाई ह्यो?"

"जीप तीनचा," मी म्हटलं. "वाचा. सगळ्यांनी वाचा." आणि दस्तगीरच्या हातात किल्ली दिली.