पाकळ्या इतका वेळ कशा पडतात?

शलमोन गेल्याचा फोन मला पहिल्यांदा कळलाच नाही. कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपात लेथ चालू असली की खिशातल्या फोनकडे कुणाचं लक्ष असतं! मशीन थांबवून पाहिलं तर सुभेदारांचे फोन येऊन गेलेले. सैन्यातून निवृत्त झालेला हा माणूस म्हणजे आमच्या भरतीच्या मैदानाचा गुरू. एरवी फोनवरसुद्धा परेडला बोलल्यासारखा बोलतो. त्या दिवशी मात्र हळू आवाजात म्हणाले, "विकास, आधी कुठंतरी बस." मग म्हणाले, "शलमोन गेला रं." त्याला कावीळ झाली होती हे मला माहीत होतं. आठवड्याभरात उठेल आणि पुन्हा मैदानावर येईल, असं मी धरून चाललो होतो. अठ्ठाविसाव्या वर्षी कुणी काविळीनं जातं का, असं मी सुभेदारांना विचारलंसुद्धा. प्रश्न विचारायची मला खोडच आहे. शलमोन म्हणायचा, "तू पोलिसात जा गड्या. लष्करात एवढं इचारल्यालं चालत न्हाई."

आम्हाला पोलिसात काय नि लष्करात काय, कुणीच घेतलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मी पाटणकडचा. आमच्या वाडीतले निम्मे तरुण फौजेत, त्यामुळे बारावी झाल्यावर दुसरं काही करायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. भरतीच्या तयारीला सांगलीला मामाकडे आलो आणि कुपवाडच्या बाहेर सुभेदारांच्या मैदानावर पळायला लागलो. तिथं सगळ्यात पुढं पळणारा, काटकुळा, कानांनी जरा मोठा पोरगा म्हणजे शलमोन. नाव ऐकून मी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमी मूळचं कुठलं?"

"सांगलीचं."

"तसं न्हवं. मूळचं?"

"मूळचंबी सांगलीचंच. आता त्याच्या खाली खणलं तर पाणी लागंल."

सगळे हसले आणि मीही हसलो. पण माझं समाधान काही झालं नाही. ख्रिश्चन माणूस मी तोवर जवळून पाहिलेलाच नव्हता. पुढं एका रविवारी त्याच्या मागं लागून त्याच्या चर्चमध्ये गेलो. काहीतरी परकं, इंग्रजी बघायला मिळेल अशी माझी कल्पना. बघतो तर दाराशी चपलांचा ढीग, बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या, पेटी-तबला आणि आमच्या वाडीतल्या भजनासारख्याच चालीवर गाणी. मग कुणीतरी उठून पावसासाठी प्रार्थना केली, आजाऱ्यांसाठी केली आणि शेवटी देशासाठी आणि सीमेवरच्या जवानांसाठी. आमच्या देवळात सीमेवरच्यांचं नाव रोज निघत नाही, हे मला तेव्हा जाणवलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे दर रविवारी म्हणता?" तो म्हणाला, "व्हय. का? तुला काय वाटलं, आमी तिकडनं इलायती बातम्या वाचतो?"

भरतीत मी उंचीत कमी पडलो. शलमोन पळण्यात सगळ्यांच्या पुढं आला आणि डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरल्यावर अडकला. त्यातला आकडा त्याला दिसेना. लाल आणि हिरवा रंग त्याला नीट वेगळे कळत नाहीत, हे त्याला स्वतःलाच त्या दिवशी कळलं. आम्ही बसस्टँडवर वडापाव हातात धरून बसलो होतो. मी विचारलं, "आता रं?" तो म्हणाला, "आता काय... पळायचं." मला ते नुसतं बोलणं वाटलं. पण तो खरंच पळत राहिला. दिवसा एका गॅरेजात काम आणि पहाटे मैदानावर नव्या पोरांच्या पुढं पळणं. त्याच्या मागोमाग पळता पळता पोरं भरतीच्या वेळेत बसायची, भरती व्हायची आणि जाताना त्याला मिठी मारून जायची. त्याला आत काय वाटत असेल, हे मला शेवटपर्यंत नीट विचारता आलं नाही. खोड असूनही.

झेंडा बांधायचं काम त्याच्याकडे आलं ते त्याच्या हातांमुळे. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला झेंड्याची घडी घालून, आत झेंडूच्या पाकळ्या भरून, गाठ मारून तो वर चढवायचा, म्हणजे पाहुण्यांनी दोरी ओढली की झेंडा उलगडतो आणि पाकळ्या पडतात. रंगात गोंधळणारा हा माणूस वरची बाजू कुठली ते झेंड्याच्या कडेला दोरीसाठी शिवलेल्या फासाला हात लावून ओळखायचा, आणि त्याची गाठ कधी अडकली नाही. त्यापेक्षा नवल पाकळ्यांचं. इतर कुठंही पाकळ्यांचा एक गोळा भसकन खाली येतो. शलमोनच्या झेंड्यातून त्या पडत राहायच्या. राष्ट्रगीत निम्म्यावर आलं तरी एखादी भिरभिरत यायचीच. मी कितीदा विचारलं, हे कसं करतोस? सांगायचा नाही. बांधताना त्याचे ओठ सारखे हलायचे. "काय पुटपुटतोस रं?" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "काय न्हाई. गाठ मारतोय."

त्याच्याशेजारी मी उभा असायचो, नारळ घेऊन. आमच्या मैदानावर झेंडा चढवण्याआधी खांबाला हळदकुंकू लावून नारळ फोडतात. तो झेंडा बांधायचा आणि नारळ मी फोडायचो. नारळाच्या वेळी तो दोन पावलं बाजूला सरकून, चपला काढून, शांत उभा राहायचा. इतकी वर्षं कुणाच्या ते डोळ्यांवर आलं नव्हतं. एका सव्वीस जानेवारीला आलं. मैदानाची जमीन ज्यांची, ते बापू त्या दिवशी लवकर आले होते. त्यांनी नारळ माझ्या हातून घेतला आणि शलमोनपुढं धरला.

"झेंडा तू बांधतोस, नारळबी तूच फोड."

"बापू, ती पूजा हाय. माझ्यानं व्हायची न्हाई. इकास फोडतोय की."

"सलाम करतोस त्यो चालतो, आन् नारळ चालत न्हाई? झेंडा काय निम्मा आसतो काय रं?"

"सलाम तुमालाबी करतो बापू," शलमोन म्हणाला. "पूजा एकाचीच करतो."

बापूंचा चेहरा उतरला आणि मग चढला. "नारळ फोडायचा नसंल तर झेंड्याला हात लावायचा न्हाई." मैदानावर कुणी हललं नाही. सुभेदार अजून आले नव्हते. माझं तर रक्तच तापलं. मी बापूंना उलट बोलायला तोंड उघडलं, तोवर शलमोननं दोरी शेजारी उभ्या असलेल्या संदीप नावाच्या पोराच्या हातात दिली आणि शेवटच्या ओळीत जाऊन उभा राहिला. मनात आलं, संदीपनं मारलेली गाठ आता अडकावी, बापूंची चांगली जिरावी. गाठ अडकली नाही. झेंडा झकास उलगडला, पाकळ्यांचा गोळा पाहुण्यांच्या टोपीवर पडला, आणि सगळ्यांत कडक सलाम शेवटच्या ओळीतून आला. मी परत येताना धुमसत होतो. तो म्हणाला, "बरं झालं की. आता दोघान्ला बांधाय येतंय."

"तुला वाईट वाटलं न्हाई?"

"वाटलं," तो म्हणाला. "लय वाटलं." आणि एवढं बोलून तो पुढं चालायला लागला.

पुढं संदीप फौजेत गेला आणि दोरी आपोआप शलमोनकडे परत आली. बापूंनी तोंडानं माघार घेतली नाही. मात्र नारळ आणून ते माझ्याच हातात द्यायला लागले.

या ऑगस्टच्या सुरुवातीला मी त्याच्या आईला भेटायला गेलो. मार्थाकाकू आयुष्यभर बालवाडीत शिकवायच्या. आजही समोरच्याला बसवून, समजावून बोलतात. मी म्हटलं, "काकू, पंधरा ऑगस्टला झेंडा मला बांधायला लागणार. गाठ जमंल, पण पाकळ्यांचं कळत न्हाई." त्या उठल्या, कपाटातून आपली जुनी पांढरी ओढणी काढली आणि पलंगावर पसरली. झेंडावंदनाच्या आदल्या संध्याकाळी तो याच ओढणीवर सराव करायचा आणि त्या शेजारी बसून झेंडू सोलायच्या. पाकळ्या एकदम मधे टाकायच्या नाहीत, त्यांनी दाखवलं. एक घडी, एक चिमूट. दुसरी घडी, दुसरी चिमूट. म्हणून त्या एकामागून एक सुटतात. इतकं साधं! मी विचारलं, "आन् पुटपुटायचा काय?"

"नावं घ्यायचा," त्या म्हणाल्या. "एका चिमटीला एक. मैदानावरनं गेलेली पोरं... कोण कुठं आसंल, देवा, त्याला सांभाळ, म्हणायचा. आन् मग घडी घालायचा."

मी विचारलं, "सगळी फौजेतलीच?"

"तुझं पयलं असायचं."

"काकू, मी तर कुठंच गेलो न्हाई."

"मग त्यो तरी कुठं गेला हुता?" त्या म्हणाल्या, आणि ओढणीची घडी मोडून पुन्हा पहिल्यापासून घालून दाखवायला लागल्या. मी बघत होतो, पण मला काही दिसत नव्हतं.

पंधरा ऑगस्टला बापूंनी नेहमीसारखा नारळ माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, "आज तुमी फोडा बापू. मी बांधतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नारळ फोडला. मी घडी घालायला बसलो. संदीपचं नाव घेतलं, चिमूट ठेवली. मग आठवतील तशी बाकीच्यांची. मी कुणाला सांगत होतो, त्याच्या देवाला की माझ्या, हे मला आजही सांगता येणार नाही. शेवटच्या घडीत शलमोनची चिमूट ठेवली आणि गाठ मारली. सुभेदारांनी दोरी ओढली. झेंडा उलगडला, राष्ट्रगीत सुरू झालं, आणि पाकळ्या पडत राहिल्या.

नारळाचे तुकडे वाटत वाटत बापू माझ्याजवळ आले. एक तुकडा हातावर ठेवला, आणि जरा रेंगाळून म्हणाले, "मघाशी काय पुटपुटत हुतास रं?"

"काय न्हाई बापू," मी म्हणालो. "गाठ मारत हुतो."