लाल मुळ्यांचा काढा

आखातातल्या त्या शहरात, अल मुंतझा भागातल्या मराठी घरांत कुणाला खोकला झाला की आधी रत्नप्रभावहिनींना फोन जायचा, दवाखान्याचं मागाहून. सुंठ, गवती चहा, ज्येष्ठमध. काढा थर्मासमध्ये भरून थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुऐदरपर्यंत पोचवायलाही त्या मागेपुढे बघत नसत. "वहिनींच्या हाताला गुण आहे," असं लोक म्हणत. "कसला गुण, काहीतरीच!" असं वहिनी म्हणत, आणि ते पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून दुसऱ्या दिवशी आपणहून फोन करून तब्येत विचारत. खरं तर त्यातल्या निम्म्यांचा खोकला औषधावाचूनच गेला असता, पण हे बाईंना सांगणार कोण?

धाकट्या जावेचं, नमिताचं दुखणं मात्र असं नव्हतं. तिच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढला होता आणि त्याचा ताण हृदयावर येत होता. पस्तिशीतली बाई, पण न्हाणीघरातून खोलीत येईपर्यंत धापा टाकायची. वाक्य पुरं करायलाही तिला दम पुरत नसे, म्हणून डॉक्टरांकडे तिच्या वतीने वहिनीच बोलत. तिचा नवरा धवल फुटबॉल वर्ल्ड कपच्या एका स्टेडियमवर इंजिनीअर होता. स्पर्धा जवळ येत चाललेली, आणि सुट्टी मागायची त्या साइटवर कुणाची छाती नव्हती.

त्याच साइटवरच्या लिऊ नावाच्या चिनी इंजिनीअरने धवलला झाडाच्या मुळ्यांची पुडी दिली. त्याच्या आईला हेच दुखणं होतं आणि या मुळ्यांनी तिला आराम पडला होता. बिचाऱ्याने मनापासून दिली. लालसर मुळ्यांच्या चकत्या आणि कसल्याशा साली, पाण्यात उकळून प्यायच्या. वहिनींनी चिमूटभर नाकाशी नेऊन हुंगलं आणि निकाल दिला, "अगं, हा तर काढाच की!"

झालं! चीनहून आलेली वस्तू त्या एका शब्दासरशी घरची झाली. आपल्याकडे काढ्याला औषध कोण म्हणतं? तो चहाच्या शेजारचा, स्वयंपाकघरातला. वहिनी रोज सकाळी तो आटवून, गाळून नमिताला पाजू लागल्या. काही आठवड्यांनी नमिता न थांबता एक जिना चढली. धवलच्या डोळ्यांत पाणी आलं. गोळ्यांनी फरक पडला की मुळ्यांनी, हे कुणीच विचारलं नाही.

"वहिनी, तुमच्या हातानं... वाचले मी," नमिता म्हणाली. वहिनींना आकाश ठेंगणं झालं.

तपासणीच्या वेळी नर्सने विचारलं, "एनी अदर मेडिसिन?"

"नो, नो. ओन्ली युवर टॅब्लेट्स," वहिनींनी ठासून सांगितलं. त्यात तिळभरही लबाडी नव्हती.

त्या टॅब्लेट्समध्ये एक रक्त पातळ ठेवणारी गोळी होती. पुढे नमिताच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दंडावर काळेनिळे डाग उठले. "उष्णता झाली असेल," असं म्हणून वहिनींनी काढ्यात खडीसाखर वाढवली. एका दुपारी तिच्या नाकातून जे रक्त सुरू झालं ते थांबेचना. वर्ल्ड कपसाठी जिकडेतिकडे रस्ते खोदलेले, टॅक्सी वळसे घेत चाललेली, आणि वहिनींच्या मांडीवरचा टॉवेल भिजत गेला.

इस्पितळातले डॉक्टर मजीद लाहोरचे. रक्ताचा रिपोर्ट बघून ते वहिनींकडे वळले. "दवाई छोड़िए. ये घर में पीती क्या हैं?"

पलंगावरून नमिताने त्यांचा हात घट्ट दाबला. सांगू नका, बंद करतील, असं ते दाबणं होतं. वहिनींना ते कळलं. तरी त्या म्हणाल्या, "काढा. मैं बनाती हूँ. मैंने ही दिया."

साइटवरून निघालेल्या धवलने येताना घरून पुडी आणली. डॉक्टरांनी ती इस्पितळाच्या औषध विभागात दाखवून घेतली आणि परत येऊन शांतपणे सांगितलं, की ही मुळी त्या गोळीचा जोर वाढवते. ते ओरडले असते तर वहिनींना बरं वाटलं असतं.

"पर इससे साँस ठीक हुई थी," धवल कळवळून म्हणाला.

"हो सकता है. पक्का मैं नहीं कह सकता. मगर इस गोली के साथ हरगिज़ नहीं."

"मग गोळी बंद करा," नमिता ऑक्सिजनच्या मास्कआडून म्हणाली. "काढा... ठेवा." डॉक्टरांकडे तिचं लक्षच नव्हतं, ती वहिनींकडे बघत होती. वहिनी सांगतील तेच ती करणार, हे तिथे सगळ्यांना कळत होतं.

"गोळी घ्यायची, नमे. काढा बंद."

"तुमच्या हाताला... गुण आहे ना?"

"नाही गं," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "माझ्या हाताला काही गुणबिण नाही."

रक्त थांबायला संध्याकाळ झाली. नमिता छताकडे बघत पडली होती. तशीच बघत तिने विचारलं, "मग मी... कशानं बरी होऊ?"

आजवर दारात आलेल्या कुणालाही वहिनींनी रिकाम्या हाताने पाठवलं नव्हतं. आता त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि तिचा हात धरून त्या नुसत्या बसून राहिल्या.