अर्धं इरलं

धो धो पावसाच्या आमच्या वाडीत डोक्यापाठीवर पांघरायची बांबूची इरली विणणारा माझा दीर एकटाच उरलाय. घेणारं कोणी नाही. फोटोवाले आले की मोबाइल मांडीखाली लपवतो, अर्धवट इरलं पुढ्यात ओढतो आणि विचारतो, "आज हसायचा की रडायचा?" ते गेले की विणलेलं उसवून ठेवतो. स्वतः शेतात प्लॅस्टिक पांघरून जातो.

नवी नवरी असताना मी इरल्यात कासवासारखी दिसेन म्हणून छत्री घेऊन लावणीला गेले होते. वाऱ्याने छत्री उलटली, मी चिखलात पालथी. शहाणी कुठली!

यंदा त्याला म्हटलं, "भावोजी, माझ्यासाठी एक पुरं करा."

"पुरा केला तर फोटू कसला काढतील, वयनी?" असं म्हणून त्याने आणखी एक पट्टी उसवली.